नाळेचं पातं

"दम लागला असेल तर बस, ताई. इथं मेलीस तर तुला उचलून न्यायला माझ्याकडे गाडी नाही," सिपोरा म्हणाली आणि स्वतः मात्र थांबली नाही.

गाडी होती. चार जाड चाकांची ती उघडी गाडी आम्ही खाली पाणथळीत सोडून आलो होतो. शेवाळाखालच्या चिखलात तिची मागची चाकं जी बसली ती हललीच नाहीत. सिपोराने दोन-तीनदा रेटून पाहिलं, गाडीला एक शेलकी शिवी हासडली, लगेच "देवा, माफ कर" म्हणाली, बंदूक खांद्याला अडकवली आणि चहाची पिशवी माझ्या हातात दिली. "राहू दे. पळून कुठं जाते?" तेव्हापासून आम्ही चालत होतो. ऑगस्ट संपत आला होता. आभाळ खाली उतरलं होतं, वारा समुद्राकडून होता आणि मधूनच साबुदाण्याएवढ्या बर्फाच्या कण्या तोंडावर आपटत होत्या.

आम्हाला वरच्या काठावर जायचं होतं. आमचं बेट कॅनडाच्या अगदी उत्तरेला, झाडं संपतात त्याच्याही कितीतरी पुढे. इथली जमीन अजून समुद्रातून वर येते आहे, फार हळू. त्यामुळे जुने किनारे एकावर एक राहून गेले आहेत, नदीच्या घाटाला पायऱ्या असाव्यात तसे. प्रत्येक पायरी गोट्यांची, पायाखाली खळखळ वाजणारी. खालच्या पायऱ्यांवर सिपोराच्या पूर्वजांची घरं, देवमाशाच्या हाडांची. त्यांच्या वर तुनीतांची. तुनीत म्हणजे सिपोराचे इनुइट लोक यायच्या आधी इथे राहून गेलेले. आणि सगळ्यात वर, जिथून समुद्र नुसती एक करडी रेघ दिसतो, तिथे त्यांच्यातले अगदी पहिले आले त्यांची. खणायला येणारे लोक म्हणतात, चार हजार वर्षं झाली. सिपोरा म्हणते, "फार झाली."

मी एकदा तिला विचारलं होतं, "इतक्या लांब राहून ते सील कसे मारायचे?"

"लांब कुठं होते? दारात पाणी होतं त्यांच्या," ती म्हणाली होती. "समुद्रच त्यांना सोडून गेला."

आज तिच्या कोटाच्या आतल्या खिशात तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात तुनीतांच्या घरातलं एक दगडी पातं होतं. ते परत ठेवायलाच आम्ही निघालो होतो. का, ते तिने धड सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "लीतियाचं बाळ यायच्या आत हे त्यांच्या घरी गेलं पाहिजे. नाहीतर मातियुसीचं नाव देता यायचं नाही."

लीतिया तिची नात. मातियुसी म्हणजे सिपोराचा एकुलता मुलगा, लीतियाचा बाप. एका हिवाळ्याच्या तोंडाशी तो सीलच्या शिकारीला नव्या बर्फावर गेला आणि बर्फाचा तो तुकडाच काठापासून सुटला. विमानं फिरली, गावातले पुरुष होड्या घेऊन फिरले. तो सापडला नाही, त्याची बर्फावरची गाडी सापडली नाही, हातमोजासुद्धा सापडला नाही.

इथे माणूस गेला की त्याचं नाव पुढे जन्मणाऱ्या बाळाला देतात. नुसती आठवण म्हणून नाही. नाव आलं म्हणजे माणूस आला. मी म्हाताऱ्या बायकांना पाठीवरच्या पोराला "मामा" म्हणताना पाहिलं आहे, आणि दुधाचे दात न आलेल्या त्या मामासमोर मान खाली घालून हसतानाही. मातियुसीच्या मागून गावात कितीतरी बाळं जन्मली. त्याचं नाव एकालाही लागलं नाही, कारण सिपोराने लागू दिलं नाही. कुणी विचारायला आलं की ती म्हणायची, "तो मोकळा नाही." येणारा चहा पिऊन परत जायचा.

लीतिया मात्र चहा पिऊन जाणारी नव्हती. मागच्या आठवड्यात मी तिचा रक्तदाब बघायला घरी गेले तेव्हा आजी आणि नात स्वयंपाकघरात समोरासमोर होत्या. सिपोरा जमिनीवर पुठ्ठा पसरून अर्धचंद्री सुरीने, उलूने, गोठलेला मासा कापत होती. लीतिया पोटावर हात ठेवून उभी.

"आजी, बाळ माझं आहे. मी नाव ठेवीन."

"ठेव ना. तोंड तुझं, नाव तुझं. पण तो येणार नाही. रिकाम्या नावाचं पोर वाढवशील."

"मग येणार कधी? तू मेल्यावर?"

"मी मेल्यावर माझं नाव ठेव. मी लगेच येईन. मला कुणी धरून ठेवलेलं नाही."

"आणि बाबांना कुणी धरलंय? दगडानं?" लीतिया रडायलाच लागली. "एका दगडापायी माझा बाप बिननावाचा राहिला."

सिपोराने माशाचा एक पातळ काप तिच्याकडे धरला. "खा. रडायचं असेल तर खाऊन रड." लीतियाने तो घेतला आणि रडत रडत खाल्ला.

आमच्या गावात बाळंतपणं होत नाहीत. दिवस भरत आले की बायकांना विमानाने दक्षिणेतल्या शहरात पाठवतात, मोठ्या दवाखान्यात. लीतियाला चार-पाच दिवसांत जायचं होतं आणि सोबत मी जाणार होते. म्हणून ही घाई. म्हणून हा चढ.

सिपोरा ही आमच्या गावची शिवणारी. सगळ्याच बायका शिवतात, पण बूट हवे असले की लोक तिच्याकडे येतात. तिच्या बुटात पाणी शिरत नाही. कातडं चावून चावून मऊ करायचं, हे काम तिने लहानपणापासून केलं, त्यामुळे तिचे पुढचे दात हिरडीपर्यंत झिजले आहेत आणि ती हसली की लहान बाळ हसल्यासारखं दिसतं. हसायचीही खूप. दवाखान्यात यायची ती दुखणं सांगायला कमी आणि टिंगल करायला जास्त. "औषध नको, चहा दे. औषधानं बरं वाटतं, चहानं बोलता येतं." रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि भजनात सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायची.

मी तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान. तरी ती मला ताई म्हणते. त्यांच्या भाषेत आंगायुक, थोरली बहीण. मी नर्स म्हणून इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात ती खोकला घेऊन आली होती. मी तिची पाठ तपासत होते आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू आलुक आहेस." मला वाटलं, ती मला कुणी दुसरी समजते आहे. तसं नव्हतं. आलुक तिची थोरली बहीण. छातीच्या आजाराची म्हणून तिला दवाखान्याच्या जहाजाने दक्षिणेला नेलं होतं. सिपोरा तेव्हा लहान होती. काठावर उभी राहून जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत होती. आलुक परत आली नाही. ती कुठे पुरली तेही कुणी कळवलं नाही.

"दक्षिणेला दवाखान्यात गेली होतीस, दवाखान्यातूनच परत आलीस," सिपोरा म्हणाली. "काळी झालीस तेवढी. उन्हात फिरलीस वाटतं." आणि तेव्हापासून मी आलुक. थोरल्या बहिणीवर रागावता येत नाही, पण तिच्याकडून काम करून घेता येतं, हे तिने मला हळूहळू शिकवलं. मीही मानलं. ईश्वर कुणाला कुठल्या नात्याने कुठे नेऊन ठेवतो, ते आपण कशाला तपासायचं?

आता माझी नोकरी संपत आली होती. गावात बोलणं होतंच, नर्स दक्षिणेला गेली की येत नाही, हीपण आता जाणार. सिपोरा त्याबद्दल कधी काही बोलली नव्हती.

"सासूनं पाठवलं होतं मला," ती अचानक म्हणाली. आम्ही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत होतो. बोलताना ती मागे वळली नाही. तिचा आवाज वाऱ्याबरोबर माझ्याकडे येत होता. "तेव्हा आमचा तंबू खाली, त्या लाल खडकापाशी असायचा. मातियुसी पोटात होता. इथपर्यंत आला होता." तिने हनुवटीखाली हात नेला.

"इतक्या अवघडलेलीला चढावर पाठवलं?"

"सासू होती ती, नर्स नव्हती." ती जरा हसली. "तिच्या घरात नाळ लोखंडानं कापत नसत. दगडानं कापायची, आणि तोही तुनीतांचा. ती म्हणायची, ह्या जमिनीत पहिली नाळ पुरली ती त्यांची. मग पोराची त्यांच्याशी ओळख नको का करून द्यायला? म्हणून मी आले. वरचं, अगदी वरचं घर सांगितलं होतं तिनं. दोन दगड मधे उभे, त्यांच्या मधे चूल. तिथं विचारायचं, मी आले आहे, थोडंसं नेते. आणि नेलं की त्या जागी आपलं काहीतरी ठेवायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, ताई. पोरांनाही. काहीही नेतात, रिकामं कुणी जात नाही. काडेपेटी ठेवतात, मांसाचा तुकडा ठेवतात."

"तू काय ठेवलंस?"

ती थांबली. बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. वाटेत एक बदकाचं पीस गोट्यांत अडकून थरथरत होतं, त्याच्याकडे बघत राहिली.

"सुई होती माझ्याकडे. एकच. ती दिली तर हिवाळाभर शिवू कशानं? खिशात एक बूट होता. बाळाचा. चालता चालता शिवायचे मी तेव्हा. एक झाला होता, दुसरा व्हायचा होता. आलुकनं शिकवलेला टाका, टाचेवर आडवा येणारा. म्हणजे तुझाच. मला वाटलं, माझ्या हातचा आहे, म्हणजे माझाच झाला. सुईपेक्षा बरा. त्यांच्यात तान्हं असेल तर घालतील."

मी चहाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बूट माझा नव्हता. ज्याचा होता तो पोटात होता. मी त्यांना त्याचा बूट दिला."

मग आम्ही पुन्हा चालायला लागलो. पुढचं तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. खाली आल्यावर सासूने पातं हातात घेऊन उजेडात धरलं, खूश झाली, आणि विचारलं, काय ठेवलंस? हिने सांगितलं. सासूच्या मांडीवरचं कातडं खाली घसरलं. "तुझं स्वतःचं काही नव्हतं?" एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, उद्या सकाळी जा, सुई ठेव आणि बूट घेऊन ये.

"उद्या सकाळी कुठली जाते? पहाटेच कळा सुरू झाल्या. त्याच पात्यानं तिनं नाळ कापली. नखाएवढं पातं, पण एका ओढीत. मग बर्फ पडलं. मग वॉलरसच्या शिकारीला सगळे दुसऱ्या बेटावर गेले. मग सासू गेली. मग सरकारनं गाव वसवलं, घरं दिली."

"म्हणजे येणं जमलंच नाही तुला."

सिपोरा आता मागे वळली. तिच्या भुवयांवर बर्फाच्या कण्या अडकल्या होत्या.

"जमलं असतं," ती म्हणाली. "कितीदा जमलं असतं. मलाच ते द्यायचं नव्हतं. त्यानं माझ्या पोराची नाळ कापली होती, ताई. मी ते डब्यात ठेवलं आणि कधीमधी काढून हातात धरायचे. चार दिवस वारा सुटून तो घरी आला नाही की धरायचे. तो आला की डबा बंद. मला वाटायचं, हे माझ्याकडे आहे तोवर तो येतो."

वरचा काठ जवळ आला तसे पायाखाली गारगोटीचे कपचे दिसायला लागले. राखाडी, पिवळसर, काही मधाच्या रंगाचे. ओल्या गोट्यांत ते चमकतात. कुणीतरी इथे बसून दगडावर दगड मारला होता, हवं ते पातं उचललं होतं आणि बाकीचं तसंच टाकून तो उठला होता. इतका काळ गेला तरी कपचे तसेच पडलेले, उठून गेलेला माणूस आता येईल असे. मला दर वेळी इथे चप्पल काढावी असं वाटतं. पायांत जाड बूट असतात, तेव्हा मी मनातल्या मनात काढते.

मातियुसी लहानपणापासून इथे यायचा. गावातली पोरं चेंडू खेळायची आणि हा इथे उकिडवा बसून गोटे उलटेपालटे करायचा. "कोण आहे तिथं तुझं?" म्हणून पोरं चिडवायची. सिपोराला ते ऐकवत नसे. ती त्याला हाक मारून घरी आणायची, खायला घालायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर. मोठा झाला, शिकार करू लागला, लग्न झालं, लीतिया झाली, बायको आजाराने गेली. तरी उन्हाळ्यात वरच्या काठावर एक फेरी ठरलेली. म्हणून दक्षिणेतून खणणारे लोक आले तेव्हा त्यांनी त्यालाच कामावर घेतलं. अस्वलांवर लक्ष ठेवायला, आणि वेळ असेल तर खणायलाही.

"एकदा जेवताना म्हणाला, आई, आज तुनीतांच्या घरात एक बूट सापडला. एवढासा. चुलीशेजारच्या दगडाखाली. खणणारे म्हणतात, हा त्यांचा नाही, नंतरचा आहे, आपल्यापैकी कुणाचा तरी. पण पिशवीत घालून खोक्यात ठेवला." सिपोरा थांबली. "मग म्हणाला, टाके तुझ्यासारखे होते गं."

"तू काय म्हणालीस?"

"मी रस्सा ढवळत होते. म्हटलं, सगळे टाके सारखेच दिसतात. तुला काय कळतंय शिवणातलं? तो हसला. मला म्हणायला काय झालं होतं, बाळा, तुझाच आहे तो? जा, मागून घे, आणि हे पातं ठेवून ये? तो घेऊन आला असता. त्याला देऊन टाकला असता त्यांनी. पण मग पातं द्यावं लागलं असतं." ती चालायला लागली. "त्याच हिवाळ्यात तो गेला. कधी वाटतं, ठेवला म्हणून गेला. कधी वाटतं, काढला म्हणून गेला. नक्की काय ते मला कोण सांगणार?"

शेवटच्या पायरीवर आम्ही पोचलो तेव्हा वारा इतका होता की एकमेकींच्या कानाशी बोलावं लागत होतं. सिपोराची नजर दोन वर्षांपासून अधू झाली होती. सुईत दोरा लीतिया ओवून द्यायची. तिने माझी बाही धरली.

"बघ. दोन दगड उभे दिसतात? मधे चूल?"

मी बघितलं. जमीन सपाट होती. एक चौकोन दिसत होता, कडा अगदी सरळ. आजूबाजूच्या सगळ्या गोट्यांवर काळपट दगडफूल धरलेलं, आणि त्या चौकोनातले गोटे स्वच्छ, फिके, खालची बाजू वर झालेले. खणून, सगळं काढून, त्यांनी जमीन पुन्हा नीट भरून ठेवली होती. माणसं चांगली होती. घाण म्हणून काही मागे टाकलं नव्हतं. पण उभे दगडही नव्हते आणि चूलही नव्हती.

"काही नाही, सिपोरा," मी म्हणाले. तिला खोटं सांगता आलं असतं. मला ते देवासमोर सांगता आलं नसतं.

तिने बाही सोडली. पुढे झाली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ते फिके गोटे चाचपले, दवाखान्यात मी पोट तपासते तसे, हळू, दाबून. मग कोटातून डबा काढला, उघडला. पातं मऊ कातड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. मधाच्या रंगाचं, बोटाच्या पेराहून लहान, दोन्ही कडा अजून सुरीसारख्या. ते तळहातावर घेऊन ती तिच्या भाषेत बोलायला लागली, कुणाच्या दारात उभं राहून बोलावं तशा आवाजात. "मी आले आहे. फार उशीर केला. तुमचं घेऊन आले आहे." बराच वेळ तशीच बसून राहिली, मान एका बाजूला करून, आतून कुणी 'ये' म्हणतंय का ते ऐकत असल्यासारखी.

"घरात कुणी नाही," शेवटी ती म्हणाली.

तिने पातं पुन्हा गुंडाळलं, डबा बंद केला. मी हात देऊन तिला उठवलं. तिचे हात कधी थंड नसायचे, तेव्हा होते.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला आम्ही थर्मासमधला चहा ओतला. तिने टोपी काढून प्रार्थना म्हटली, मी डोळे मिटून माझं नामस्मरण केलं. तव्यावरच्या जाड रोटीचा तुकडा तिने मोडला, पण खाल्ला नाही. तुनीतांच्या गोष्टी ती पूर्वी किती रंगवून सांगायची. ते इतके दांडगे होते की मारलेला वॉलरस एकटा माणूस ओढून आणायचा. आणि इतके भित्रे की कुत्रा भुंकला तरी पळायचे. मग इनुइट आले, आणि हे लोक भांडले नाहीत, रडत रडत निघून गेले. त्यातलं तिने आज काही सांगितलं नाही.

"त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव तुला ठाऊक आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. माझ्या आजीलाही नव्हतं. एकाचंही नाव कुणी ठेवून घेतलं नाही. म्हणून ते परत आले नाहीत. इतके दांडगे लोक, आणि कुणाच्या पोरात आले नाहीत." तिने चहा हलवला. "मातियुसीचं तसंच होणार. लीतियाला हे बाळ झालं की पुढचं होईल न होईल. मग त्याचं नाव माहीत असलेले लोक मरतील. मग तो त्यांच्यातला झाला."

"असं बोलू नये."

"थोरल्या बहिणी असंच म्हणतात," ती म्हणाली. तिच्या तोंडावर मघाचं हसू येऊ पाहत होतं, पण आलं नाही.

उतरताना मी दोनदा घसरले, तिने टोमणा मारला नाही. खाली पाणथळीत आमची गाडी होती तशीच होती, मागून बुडालेली, पुढून नाक वर करून. गावातून कुणीतरी शोधायला येईपर्यंत थांबायचं, एवढंच हातात होतं. सिपोरा गाडीच्या सीटवर चढून बसली. समुद्रावर धुकं उतरत होतं. मी खाली उभी.

"मी विचार केला," ती म्हणाली. "त्यांचं घर गेलं कुठं? चूल खोक्यात गेली. पाती खोक्यात गेली. हाडं, राख, सगळं पिशव्यांत घालून खोक्यात गेलं. मातियुसीनंच विमानात चढवली ती खोकी. म्हणजे घर तिकडं आहे, ताई. इथं आपण रिकाम्या जमिनीशी बोलत होतो."

"खोकी संग्रहालयात असतात, सिपोरा. दक्षिणेत. लीतियाला नेते आहे त्याच शहरात."

"मला ठाऊक आहे. तेच म्हणते आहे मी."

मला कळलं ती काय म्हणते आहे. "तिथं असं कुणालाही आत सोडत नाहीत गं. विचारावं लागतं. कशासाठी म्हणून विचारतील."

"तू नर्स आहेस. तुला सगळीकडे सोडतात. लोकांना कपडे काढ म्हणतेस आणि ते काढतात." तिने खिशातून डबा काढला आणि वाकून माझ्या हातात दिला. पत्रा तिच्या अंगाने गरम झाला होता. माझ्या हातात दिल्यावरही तिने त्यावरचा हात काढला नाही.

"बाळ यायच्या आत जा. त्या घराचं खोकं कुठलं ते विचार. हे त्यात ठेव. वरवर नको, आत, त्यांच्या वस्तूंच्या मधे. आधी विचार त्यांना, मी आले आहे म्हण. बूट तिथंच असेल. तिथल्या लोकांनी दिला तर आण. नाही म्हणाले तर भांडू नकोस. त्याला आता तो होणार नाही."

धुक्यात लांबून एका गाडीचा आवाज येत होता, जवळ येतो आहे की दूर जातो आहे ते कळत नव्हतं.

"मग तिथं उभी राहून मातियुसीला हाक मार. मोठ्यानं. लोक बघतील, बघू देत. सांग, आईनं नेलेलं परत केलं आहे. आता तू चल, लीतिया वाट बघते आहे. आमच्या भाषेत सांग. तुला उच्चार जमत नाहीत, पण त्याला तुझी सवय आहे. आणि बाळाला टोपी घालायच्या आधी त्याच्या कानात नाव सांगायचं ते तूच सांग. लीतिया रडत असेल, तिला नीट सांगता यायचं नाही."

"सांगीन," मी म्हणाले.

तिने डब्यावरचा हात काढला. मग माझ्या कोटाची वरची गुंडी उघडी होती ती लावली, लहान बहिणीने कधी लावली नसती अशी, आईसारखी.

"आणि आलुक," ती म्हणाली, "मागे जहाजातून गेलीस ती आली नाहीस. ह्या खेपेला परत ये."